घरचीच

शहापूरच्या बाजारातल्या साड्यांच्या दुकानात शकू कामाला लागली, तेव्हा शेठाणी म्हणाली होती, "तू आता आमच्या घरचीच गो." डोळखांबच्या पाड्यावरून आलेल्या शकूला त्या शब्दाचं केवढं अप्रूप! त्यापायी ती साड्यांच्या घड्या घालून झाल्या की शेठाणीची भांडीसुद्धा घासायची.

एकदा दुकानं तपासणारा सरकारी साहेब आला. "तुम्ही इथं कामाला का?" त्यानं विचारलं. शकूनं ताठ मानेनं सांगितलं, "नाय साहेब, मी घरचीच." गल्ल्यावर बसलेला शेठ गालातल्या गालात हसला.

पुढं शकूचा नवरा अंथरुणाला खिळला. शेजारच्या दुकानातल्या बायांना सरकारी दरानं पगार, मग आपल्यालाच निम्मा का, म्हणून ती कामगार कचेरीत गेली. तिथं नेमका तोच साहेब.

"बाई, तो दर कामगारांना. मालकाच्या घरची माणसं कामगारांत धरत नाहीत. तुम्हीच तर सांगितलंत!"

"साहेब, तो नुसता बोलायचा शब्द वो! माझं घर डोळखांबला हाय."

"मग तुम्ही कामाला आहात असं सांगणारं कुणीतरी आणा."

शेठाशी वाकडं घेऊन कोण सांगणार? शेवटी पाया पडायला शकू शेठाणीच्याच दारात गेली. दार उघडलं नाही. आतून शेठाणीचा आवाज तेवढा आला, "दुकानातली नोकर आलीय. घरात घेऊ नका तिला."

हवी होती ती साक्ष मिळाली. ऐकायला मात्र दारात शकूशिवाय कुणी नव्हतं.