दुरुस्तीसाठी बंद

आमच्या इमारतीच्या मागे एक मोकळं मैदान आहे. कागदोपत्री ते सोसायटीचं. त्याच्या पलीकडे निळे पत्रे, आणि पत्र्यांमागे तेव्हा चौथ्या मजल्यावर येऊन थांबलेली एक इमारत होती. तिच्या उघड्या सळ्या आमच्या स्वयंपाकघरातून दिसायच्या. परळमधली ही सगळी जागा मुळात एका चाळीची. चाळ पाडली, बिल्डरने विक्रीचा टॉवर आधी बांधला, त्यात आम्ही राहायला आलो, आणि चाळकऱ्यांची इमारत अर्धवट टाकून तो गप्प बसला. फ्लॅट घेताना हे मला ठाऊक होतं. मी लालबागच्या चाळीत वाढलेली, गिरणी कामगाराची मुलगी, मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? पण चाव्या हातात आल्यावर मी पहिलं काम केलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा शिवून घेण्याचं.

एका एप्रिलमध्ये, सकाळी चहा ठेवताना खालून ठाकठूक ऐकू आली म्हणून पडदा सारला. मैदानात पत्र्यांना लागून बांबू रोवले जात होते. तासाभरात ताडपत्री ताणली गेली, चटया पसरल्या, एक कापडी फलक लागला : ‘आमचं घर आम्हाला द्या.’ तीस-पस्तीस माणसं असतील. बहुतेक बायका आणि म्हातारे. चाळ पाडल्यापासून कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला भाड्याच्या खोल्यांत राहत होते. तिथून सकाळी यायचे, संध्याकाळपर्यंत बसायचे. घोषणा नाहीत, भोंगा नाही. बायका भाजी निवडायच्या, पेपर वाचायच्या, आमच्या बाल्कन्यांकडे बघायच्या.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या गेटने बाजारात निघाले आणि पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या एका वृद्ध बाईंना पाहून पावलं अडखळली. सुती साडी, डोळ्यांवर जाड चष्मा, मांडीवर घडी केलेला पेपर. त्या माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाई होत्या.

बाईंबद्दल सांगायला हवं. मी दहावी झाले तेव्हा गिरण्यांचा संप होऊन गेला होता आणि वडिलांची गिरणी परत उघडलीच नव्हती. त्यांनी ठरवलं होतं की मी एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायचं. बाईंना कळलं तशा त्या आमच्या खोलीवर आल्या. आईने पाट दिला. त्या बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, “हिला कॉलेजात घालताय असं म्हणा, मग मी उठते.” वडील आधी हसले, मग चिडले, मग खाली जाऊन चक्कर मारून आले. बाई तिथेच होत्या, आईला तांदूळ निवडू लागत होत्या. शेवटी वडील हो म्हणाले. त्या एका ‘हो’मुळे मी पदवीधर झाले, विमा कंपनीत लागले, अधिकारी म्हणून मुदतीआधी निवृत्त झाले आणि या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर आले.

आणि त्या बाई खाली चटईशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, तर मी काय केलं? ओढणी डोक्यावर घेतली आणि मान वळवून झपाझप गेटबाहेर पडले. त्यानंतर मागचं गेट मी सोडूनच दिलं. बाजाराला लांब पडलं तरी पुढून जायचे.

चौथ्या-पाचव्या दिवशी सोसायटीची सभा झाली. मी कमिटीवर होते. लहान मुलांच्या आया म्हणाल्या, सुट्ट्या लागल्यात, पोरांनी खेळायचं कुठे? आमचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, शांत बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले की सहानुभूती सगळ्यांनाच आहे, पण धरणं धरायला सरकारने आझाद मैदानात जागा दिलीय. ही खासगी जागा आहे. आज यांना बसू दिलं तर उद्या कुणीही येऊन बसेल, आणि शिवाय त्यांचा करार बिल्डरशी, त्यात आपला काय दोष? नवव्या मजल्यावरची एक तरुण डॉक्टर तेवढी उठून बोलली. ते लोक आधी बिल्डरच्या ऑफिससमोर फुटपाथवर बसले होते आणि दोन तासांत त्यांना उठवलं, हे तिने विचारून घेतलं होतं. ती म्हणाली, “आझाद मैदानात बसले तर त्यांना बघणार कोण? इथे निदान आपण बघतो.” मागून कुणीतरी म्हणालं, तेच तर नकोय, आणि सभेत हशा पिकला.

मीही हसले. माझ्या तोंडाशी एक गोष्ट आली होती. संपाच्या वर्षी माझे वडीलसुद्धा असेच मांडव घालून बसले होते, गिरणीच्या गेटला लागून, गिरणीच्याच मालकीच्या पट्ट्यात. मालकाने परवानगी दिली नव्हती, पण गेटवरचा भैया दुपारी आतला नळ सोडून द्यायचा आणि मी घरून डबा घेऊन गेले की मला आधी पाणी प्यायला लावायचा. एवढं सांगितलं असतं तरी डॉक्टरच्या बाजूने एक मत पडलं असतं. पण त्या सभेत मी लालबागची हे लोकांना माहीत होतं, दहा बाय बाराच्या खोलीतली हे नव्हतं. मी गप्प बसले.

सभा संपल्यावर कमिटीचे पाचजण मागे राहिलो. पोलिसांना बोलवायचं का यावर खल चालला होता. कुणी म्हातारीला उचलताना मोबाईलवर शूटिंग केलं तर सोसायटीचं नाव खराब होईल, अशी सेक्रेटरींना काळजी. तेव्हा मी बोलले. अगदी हळू आवाजात, समजूतदार माणसासारखं. मागच्या गेटजवळ ड्रायव्हर आणि वॉचमन यांच्यासाठी एक शौचालय आहे, ते या बायका वापरतात. “ते बंद करा. भांडायला नको, पोलीस नकोत. चार दिवसांत आपणहून जातील.”

सगळे माझ्याकडे बघत राहिले. हे पुरुषांच्या डोक्यातच आलं नव्हतं, येणारही नव्हतं. हे सुचायला चाळीत वाढलेली बाईच हवी होती. आमच्या चाळीत मजल्याच्या टोकाला चार संडास, त्यातले दोन कायम तुंबलेले. दुपारच्या लग्नाला जायचं असेल तर आई सकाळपासून पाणी प्यायची नाही. मलाही पिऊ द्यायची नाही. ते कोरडं तोंड, ती ओटीपोटातली कळ मला सगळी ठाऊक होती. म्हणून तर मी इतक्या खात्रीने चार दिवस म्हणाले.

सेक्रेटरी म्हणाले, “कारण काय द्यायचं, मॅडम?” मी म्हणाले, दुरुस्ती. पाटीही मीच लिहिली, कारण कमिटीत चांगलं मराठी अक्षर माझंच होतं. ‘शौचालय दुरूस्तीसाठी बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, “तुझ्या त्या बाई पण आहेत ना तिथे?” मी म्हणाले, त्या काही रोज येत नसतील. रोज येतात हे मी पडद्याआडून रोज बघत होते.

पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी वॉचमनशी काही काम होतं म्हणून मागे जावं लागलं. कुलपाच्या वर माझी पाटी होती. तिच्यावर कुणीतरी पेनने ‘दुरूस्ती’तला दीर्घ रू खोडून वर नीट, ऱ्हस्व रु काढला होता. ते अक्षर मी तीन वर्षं निबंधाच्या वहीत पाहिलेलं. मी मांडवाकडे न बघता परत फिरले.

बायकांना आता पुलाखालच्या पालिकेच्या शौचालयात जावं लागत होतं. गेटमधून बाहेर, सिग्नल ओलांडून, दहा मिनिटांचा रस्ता, उन्हाचा. तरण्या बायका दोघी-दोघी जायच्या. म्हाताऱ्या जायच्याच नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी खाली एकदम गलका झाला. मी पडदा सारला. बाईंची खुर्ची रिकामी होती आणि त्या चटईवर आडव्या होत्या. नवव्या मजल्यावरची डॉक्टर चपलासुद्धा न घालता धावत गेली. टॅक्सी आली, दोघांनी बाईंना उचलून आत बसवलं. मी अकराव्या मजल्यावर ओट्याला धरून उभी होते. खाली गेले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या लोकांनी आपणहून मांडव सोडला. म्हाताऱ्या माणसांचा जीव धोक्यात घालायचा नाही, कोर्टात जाऊ, असं त्यांचं ठरलं. ताडपत्री घडी करून, जागा झाडून गेले. पुढच्या बैठकीत सेक्रेटरींनी माझे आभार मानले. कटुता न आणता प्रश्न सोडवला म्हणाले. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.

डॉक्टरकडून कळलं की बाईंना पालिकेच्या हॉस्पिटलात ठेवलंय, पाणी कमी प्यायल्याने लघवीचा संसर्ग झाला, ताप किडनीपर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी मी डब्यात मऊ भात घेऊन गेले. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते. बाईंनी मला क्षणभर निरखलं आणि ओळखलं. हात हातात घेतला. किती वर्षांनी गं, म्हणाल्या. नोकरीचं विचारलं, आई-वडिलांचं विचारलं, दोघं गेले कळल्यावर माझा हात थोपटला. मग म्हणाल्या, “आता राहतेस कुठे?”

मी म्हणाले, “माटुंग्याला.”

माटुंग्याला माझी बहीण राहते. तोंडातून तेच निघालं. बाई म्हणाल्या, छान, चांगली वस्ती आहे. मग आपल्या आजारपणाची हकिकत सांगू लागल्या, तक्रार म्हणून नव्हे, कुणी विचारलं की सांगतात तशी. “त्या टॉवरवाल्यांनी शौचालय दुरुस्तीला काढलं होतं नेमकं. त्यांचा तरी काय इलाज? पाटीत सुद्धा क्षमा मागितली होती बिचाऱ्यांनी. मी फक्त उकार तेवढा सुधारला.”

त्यांनी पाटीवर विश्वास ठेवला होता. मी डबा स्टुलावर ठेवला आणि उशीर होतोय सांगून निघाले.

पुढे दोन वर्षांनी कोर्टाच्या हुकमाने दुसऱ्या बिल्डरने ती इमारत पुरी केली. पत्रे निघाले, चाळकरी परत आले. आमच्या सोसायटीने मधे भिंत घातली, तरी बाजारचा रस्ता एकच. एका सकाळी मी गेटमधून पिशवी घेऊन बाहेर पडले आणि समोरून बाई आल्या, सुनेचा हात धरून. मी इथली नाही, असं म्हणायला वावच नव्हता. वॉचमनने मला सलाम ठोकला होता.

बाई म्हणाल्या, “तू इथे?”

“हो बाई. पहिल्यापासून इथेच.”

सुनेला त्यांनी भाजी घेऊन यायला पुढे पाठवलं. आम्ही गेटजवळच्या कट्ट्यावर बसलो आणि मी सगळं सांगितलं. सभा, माझी सूचना, पाटी, माटुंगा. काहीही मऊ केलं नाही. त्या रस्त्याकडे बघत ऐकत होत्या. मला वाटलं रागावतील. मी रागावण्याचीच वाट बघत होते.

शेवटी त्या म्हणाल्या, “तुला कळत होतं ना गं, बायकांचं काय होतं ते?”

“कळत होतं.”

“मग ते उघडलं कधी?”

मला माहीतच नव्हतं. बाई उठल्या आणि सून गेली होती त्या दिशेला हळूहळू चालू लागल्या.

मी तशीच आत वळले आणि मागच्या गेटला गेले. शौचालयाला कुलूप होतं. गंजलेलं. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, चाबी तो सेक्रेटरी साब के पास है. हम लोग तब से पुल के नीचे ही जाते हैं.” ड्रायव्हर, झाडूवाली, इमारतीत चार-चार घरं करणाऱ्या बायका, सगळे दोन वर्षं पुलाखाली जात होते. माझ्या घरी काम करणारी बाईसुद्धा. तिने मला कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. सेक्रेटरींकडे चावी मागितली तर ती हरवली होती. कुलूप तोडून घेतलं, आत नळ फिरवला तर पाणी येईना. प्लंबर आणून तेही करून घेतलं. कमिटीचा राजीनामा दिला. कारणाच्या जागी खरं कारण लिहिलं, पण इतिवृत्तात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असंच आलं.

आठवड्याने बाईंच्या दारावर गेले. नवी इमारत, दुसरा मजला, दाराला नवं तोरण. सुनेने आत बसवलं. बाई खिडकीपाशी पेपर वाचत होत्या. मी सांगितलं की शौचालय उघडलंय, पाणीही आलंय. त्यांनी मान हलवली. बरं झालं, म्हणाल्या. मी उठायला लागले, तशा त्यांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, कुणाही पाहुण्याकडे पाहावं तसं, आदराने.

“बसा,” बाई म्हणाल्या. “चहा घेऊन जा तुम्ही.”