दादाने न बनवलेली गाडी

आधीच सांगते, मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस नुसती वाचत आलेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा "अहो, झोप झाली नसेल तुमची" असं मनात म्हणून पुढे गेलेय. भूत, आत्मा, चकवा... आमच्या घरात यातलं काहीच नव्हतं. संध्याकाळी देवाजवळ दिवा लागायचा, तेवढंच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड होतंय. पण त्या दिवशी गाडीत आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी. बाबा मागच्या वर्षी गेले. आता विचारायला कोणी नाही, म्हणून लिहून ठेवते.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. वर्ध्याला नालवाडीत आमचं घर. बाबांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान, आणि दुकानात त्यांच्यासोबत माझा मोठा भाऊ गिरीश — दादा. दादाला गाड्यांचं वेड. त्याने पुण्याहून एक वापरलेली सेडान आणली. राखाडी रंग, चार दारं, दिसायला एखाद्या साहेबाची वाटावी अशी. पण आत टर्बो पेट्रोल इंजिन. वर्ध्यात तशी दुसरी मी तरी पाहिली नाही.

त्या गाडीची एक खोड होती. ॲक्सिलरेटर दाबला की ती आधी क्षणभर विचारच करायची आणि मग एकदम पाठीत धक्का बसायचा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर टर्बोचा पंखा फिरतो, तो पंखा वेग घेईपर्यंत वाट पाहावी लागते. दादा तेवढ्या वेळात म्हणायचा, "येते... येते... आली!"

हे वाट पाहणं संपवायचं, हे आमचं दोघांचं स्वप्न. हो, माझंही. गाडी चालवायला मला दादानेच शिकवलं होतं. मी कॉलेजातून आले की आम्ही पोर्चमध्ये बसायचो आणि तो माझ्याच खडूने फरशीवर चित्रं काढायचा. धूर बाहेर टाकणारा एक्झॉस्टचा पाइप रुंद करायचा, म्हणजे टर्बो मोकळा फिरेल. मग इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून घ्यायचं. इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारा डबा, त्याला सगळ्यात मोठा पाहिजे होता, आणि यावरून आमचं रोज वाजायचं.

"दादा, एवढ्या मोठ्या डब्यात हवा भरालेच टाइम लागन. वाट पाह्यनं वाढन की कमी होईन?"

"तू पोरायले शिकव ना बाई, मले काऊन शिकवून राह्यली?" असं म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप चित्रातला इंटरकूलर लहान केलेला असायचा.

मनीषावहिनी चहा घेऊन यायच्या आणि खडूच्या रेघांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालायच्या. लग्नाला त्यांच्या दोन वर्षंही झाली नव्हती.

बाबा मात्र त्या गाडीत एकदाही बसले नाहीत. "ह्या रस्त्यायनं बैलबंड्या चालते अन् याले विमान पायजे," म्हणायचे. दादा चिडायचा नाही. जेवताना तो तोंडाने आवाज काढून दाखवायचा — काम झाल्यावर एक्झॉस्ट कसा वाजेल ते. खोल, घशातून, आणि शेवटी गिअर बदलताना दोनदा फट्-फट्. वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. बाबा ताटावरून ओरडायचे, "गिऱ्या, जेव मुकाट्यानं!"

"काम होऊ द्या, बाबा. मंग तुमालेच पह्यले बसवतो," दादा म्हणायचा.

काम झालंच नाही. दिवाळीच्या आधी त्याला ताप आला. साधा वाटला, मग तो मेंदूत गेला. नागपूरच्या दवाखान्यात शुद्धीवर असायचा तेव्हाही तो गाडीचंच बोलायचा. एकदा माझा हात धरून म्हणाला, "पह्यले एक्झॉस्ट उघडा करू. बाकीचं मंग पाहू." मी म्हटलं, "हो, तू घरी तर ये." तो घरी आला तो ॲम्ब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीत.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. वहिनींचे आईवडील त्यांना वडनेरला माहेरी घेऊन गेले. गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी. बाबा दुकानात जाताना तिच्याकडे पाठ करून चप्पल घालायचे. मी रविवारी फक्त इंजिन सुरू करून बंद करायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. शेवटी बाबांनी ती विकायचं ठरवलं, नागपूरचं एक गिऱ्हाईकही ठरलं. आणि त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला, "बाबा, मले तिकडंच राह्यचं हाय. आपल्या घरी. न्याले या."

बाबा फोन ठेवून पोर्चमध्ये गेले. मग म्हणाले, "ताडपत्री काढ. सुनेले तिच्या नवऱ्याच्या गाडीतच आणू."

बाबा पहिल्यांदा त्या गाडीत बसले ते असे. पुढच्या सीटवर, मांडीवर टोपी, पट्टा मी लावून दिला. हिंगणघाटपर्यंत मी अगदी सांभाळून चालवली. गाडी नेहमीसारखीच चालत होती. दाबलं की थांबायची, मग ओढायची.

हिंगणघाट सोडून वडनेरच्या बाजूला लागलो. सकाळचे अकरा-साडेअकरा झाले असतील. स्वच्छ ऊन, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, रस्ता सरळ आणि रिकामा. पुढे एक ट्रॅक्टर होता, तो ओलांडायला म्हणून मी ॲक्सिलरेटर दाबला...

आणि वाट पाहावीच लागली नाही.

कसं सांगू? पाय खाली गेला त्याच क्षणी गाडी निघाली होती. धक्का नाही, थांबणं नाही, एकसारखी, भरलेली ओढ. मी ती गाडी दीड वर्ष चालवलेली. तिची ती क्षणभराची दमछाक माझ्या पायाला पाठ होती. ती नव्हतीच! आणि खालून आवाज येत होता... खोल, घशातल्यासारखा. मी गिअर बदलला. फट्-फट्.

मला वाटलं, मलाच भास होतोय, बाबांना काही बोलायचं नाही. बाजूला पाहिलं तर बाबांनी डॅशबोर्डवर तळहात टेकवला होता, आजारी माणसाच्या छातीवर ठेवावा तसा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हा गिऱ्याचा आवाज हाय," बाबा म्हणाले. "जेवताना काढे तो."

मी ॲक्सिलरेटरवरचा पाय तसाच ठेवला. बाबा गाडीशी बोलावं तसं हळूच म्हणाले, "बसलो रे बापू. बसलो मी."

वडनेरच्या अलीकडे मी वेग कमी केला तसा तो आवाज विरला. गावात शिरेपर्यंत गाडी पुन्हा पहिल्यासारखी झाली होती.

वहिनींना घेऊन निघालो. त्या मागे बसल्या, बॅग मांडीवर धरून. गाव मागे पडल्यावर बाबांनी त्यांना सगळं सांगितलं, अडखळत. वहिनींनी बॅग बाजूला ठेवली, काच खाली केली आणि पुढे वाकून बसल्या.

"ताई... दाबा न," म्हणाल्या.

मी दाबलं. गाडी क्षणभर थांबली, तिने विचार केला, मग ओढली. साधा आवाज.

"अजून एकदा दाब," बाबा म्हणाले.

मी हिंगणघाटपर्यंत किती वेळा दाबलं असेल माहीत नाही. तोच रस्ता, तीच गाडी. दर वेळी ती क्षणभराची वाट, आणि त्या क्षणात आम्ही तिघंही कान देऊन. काहीच झालं नाही. शेवटी वहिनींनी काच वर केली. "राहू द्या ताई. आता घरी चला."

गिऱ्हाइकाने गाडी घेण्याआधी आपला मेकॅनिक आणला होता. त्याने कॉम्प्युटर जोडून पाहिलं, खाली शिरून पाइप पाहिला. सगळं कंपनीतून आलं तसंच, कशालाही हात लागलेला नाही, असं तो म्हणाला. मला ते माहीतच होतं. गाडी गेली त्या दिवशी बाबा गेटपर्यंत चालत गेले.

मी खूप विचार केला. पेट्रोल, उभी राहिलेली गाडी, एक्झॉस्टला बारीक चीर, आम्हा दोघांच्या मनाची अवस्था... यातलं एकेक थोडंथोडं पटतं. सगळं मिळून काही पटत नाही. बाबांशी यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. पण त्या दिवसानंतर ते दादाचं नाव घेऊ शकायचे. त्याआधी घेत नव्हते.

वहिनी आमच्याकडेच राहिल्या. दुकान आता त्याच बघतात. त्यांनी हा विषय एकदाच काढला, बाबांच्या तेराव्यानंतर. आम्ही दोघी दुपारी गहू निवडत होतो.

"ते तुमच्यापाशी आले, बाबापाशी आले," त्या ताटाकडे बघत म्हणाल्या. "माह्यापाशी काऊन नाई आले?"

मग मी वर्गात सांगते तसं सांगायला लागले, "वहिनी, असं काही नसते हो. हिवाळ्याचे दिवस होते. थंड हवा दाट असते, इंजिनाले जास्त ताकद भेटते. त्या दिवशी हवा थंड होती, म्हणून..."

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. गव्हातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"येतानाही तीच हवा होती, ताई," म्हणाल्या.