बाकाखालची पेटी

लातूरच्या एमआयडीसीत आम्ही घराची गाडी बघायला गेलो तेव्हा त्या शहराला प्यायला पाणी नव्हतं. रेल्वेनं पाणी येत होतं. जागोजाग घागरींच्या रांगा, चोरीला जाऊ नयेत म्हणून घागरींना साखळ्या घातलेल्या. आणि असल्या गावात माझा जावई मला म्हणतो, "मामा, शॉवरवाली बघू."

जावई कॉलेजात शिकवतो. शिकलेला माणूस बोलतो लई आणि ऐकतो कमी. घराची गाडी हे त्याचंच खूळ. मोबाईलवर त्यानं मला परदेशातले म्हातारे दाखवले. अर्ध्या चड्डीतले गोरे म्हातारे गाडीतच झोपतात, गाडीतच रांधतात आणि सकाळी दार उघडून डोंगराकडं बघत चहा पितात. मी हसलो. यात दाखवण्यासारखं काय होतं? मी बांधकाम खात्याच्या रोलरवर ड्रायव्हर होतो. सगळी नोकरी तंबूत काढली. उमरी, इस्लापूर, किनवटचं जंगल. जिथं खडी पडली तिथं आमचं घर. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा साहेब लोकांच्या जीपगाड्यांना एकाएकी सडका पाहिजे झाल्या, आणि माझा रोलर आमच्या भोकरहून तिकडं नेला. गावात गुलाल उडत होता, नवा जिल्हा, नवा जिल्हा. आणि इथं मुरमावर मारायला टँकर मिळत नव्हता. जिल्हा नवा झाला, तहान जुनीच राहिली. तर रस्त्यावर कसं राहायचं ते मला कुणी शिकवू नये.

पण गाडी माझ्या हौसेची नव्हती. बायकोला बुद्धगया बघायची होती. लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली मोठी गोष्ट. आणि तिनं अट घातली होती, तीही एकदाच बोलून: "गाडीत संडास आसंल तर येते. न्हाई तर तुमी जावा आन मला फोटू दाखवा."

तिचे गुडघे गेलेत. खाली बसता येत नाही, बसली तर उठता येत नाही. आमच्याकडच्या बायका प्रवासाला निघायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद करतात. कुणी शिकवत नाही, आई करते म्हणून पोरगी करते. वाटेत जायला लागू नये एवढ्यासाठी. गेल्या साली आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. नांदेडपासून हिनं घोट घेतला नाही. नागपुरात उतरली आणि फूटपाथवरच डोळे फिरवून पडली. सलाईन लावावं लागलं. दीक्षाभूमी लांबूनच बघितली आणि परत आलो. तेव्हापासून ती गाव सोडून कुठंच जात नाही. भाचीच्या लग्नाला गेली नाही.

मला मात्र गाडीत संडास पटत नव्हता. जिथं भाकर खायची तिथंच हातभर अंतरावर तो उद्योग? आमच्या गावात ज्याच्या घरी संडास झाला त्यानंसुद्धा तो अंगणाच्या पार टोकाला बांधला. मी जावयाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मामा, परदेशात सगळ्यांच्या गाडीत असतो." म्हणजे तिकडचे लोक करतात म्हणून ते चांगलं. झाली याची शिकवण.

गाड्या बनवणारा एक तरणा माणूस होता. डोक्यावर गॉगल, हातात दोन मोबाईल. माझ्या धोतराकडं बघून तो जावयाशीच बोलायला लागला. मी मध्ये उभा राहिलो. मग नाइलाजानं माझ्याकडं वळला.

"काका, ही आपली लक्झरी. टीव्ही, एसी, मागं शॉवर. वर मोठी टाकी हाय पाण्याची."

"टाकी भरली हाय का?"

"न्हाई, पाणी कुठंय सध्या?"

"मग शॉवरमधून काय पडंल? वारा?"

बायको पदर तोंडाला लावून हसली. जावई दुसरीकडं बघायला लागला. गाडी म्हणजे नुसती चालती लॉज होती. भिंतीला लाल मखमल, छताला निळे दिवे. असल्या दिव्यांत मी तमाशाचा तंबूसुद्धा बघितला नव्हता. बायको चढायला गेली तर पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर. त्या माणसानं प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं. बुद्धगयेपर्यंत स्टूल डोक्यावर घेऊन जायचं का, असं मी विचारलं. त्यानं पुढच्या गाडीचं दार उघडलं.

दुसरी गाडी जावयाला आवडली. ठेंगणी, बाहेर ओढायचा मांडव, आत ओटा. मी चपला काढून पलंगावर आडवा झालो. पाय बाहेर. "काका, तिरकं झोपायचं," तो म्हणाला. लाखांच्या गाडीत माणसानं तिरकं झोपायचं! आमच्या तंबूत निदान पाय सरळ व्हायचे. शिवाय या गाडीत संडास नव्हता. जावई म्हणतो, "मामी, आजकाल प्रत्येक पेट्रोल पंपावर असतो." ती पुढच्या गाडीकडं चालायला लागली. पंपावरचे संडास यानं आतून बघितलेले नसणार.

तिसरी गाडी कोपऱ्यात धूळ खात होती. लहान, पांढरी, दवाखान्याच्या गाडीसारखी. पायरी खाली, पलंग सरळ, एका बाजूला शेगडी आणि एका बाजूला बसायचं बाक. बाकाची फळी उचलली की खाली संडास, खुर्चीसारखा. मध्ये ओढायला जाड पडदा. टीव्ही नाही, दिवे नाहीत. त्या माणसाला ही गाडी दाखवायची लाज वाटत होती. बायको चढली, कुणाचा हात न धरता. पडदा ओढला. आम्ही तिघं बाहेर खुळ्यासारखे उभे. थोड्या वेळानं पडदा सरकला. ती साडीसकट नुसती बसून बघून आली होती.

"हीच," ती म्हणाली.

"आगं, बाकावर जेवायचं आन बाकाखाली ते?"

"तुमी बाहीर जेवा."

मी त्या माणसाला विचारलं, घाण जाते कुठं. त्यानं गाडीच्या बाजूचं छोटं दार उघडलं. आत हँडलची एक पेटी होती. ती भरली की ओढून काढायची, कुठंतरी रिकामी करायची, धुवायची.

"कुणी?"

"माणूस मिळतो की काका. कुठंबी. चहापाण्याला द्यायचं काहीतरी." मग तो जरा हसला आणि म्हणाला, "आन तुमच्या वळखीत तर आसतीलच कुणी."

जावई खाली बघायला लागला. बुद्धगया ऐकून तो असं का म्हणाला ते याला कळलं होतं. बाकी वेळी भाषणं देतो, तेव्हा बुटानं धूळ उकरत होता.

माझ्या बापानं धम्म घेतला त्या साली गावची मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावानं आमचं पाणी तोडलं, रानातलं काम तोडलं, तरी त्यानं पुन्हा दोरीला हात लावला नाही. पोट रिकामं ठेवलं, पण मला शाळेत घातलं. चौथीपर्यंतच शिकलो, पण शिकलो. आणि हा गॉगलवाला मला म्हणतो, तुमच्या ओळखीत असतील.

"आमच्या वळखीत तसलं काम करणारं कुणी न्हाई," मी म्हणालो. "तुझ्या घरात आसंल तर बघ." आणि चालायला लागलो.

समोरच्या टपरीवर बसलो. जावई समजावून सांगत राहिला की त्या माणसाच्या मनात तसं नव्हतं, मामा उगीच मनावर घेतात. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मनातलं लवकर कळतं, स्वतःचा अपमान कळला तरी तो गिळतो. मी त्याला चहा आणायला पाठवला.

बायको म्हणाली, "मी काढीन की पेटी. आपलीच तर हाय."

"तू न्हाई काढायची."

"मग कोण?"

ती रस्त्याकडं बघत होती. टँकर चालला होता, मागं पोरी कळशा घेऊन पळत होत्या.

"कॅम्पात तुमी तंबूत झोपायचा," ती म्हणाली. "मी उजाडायच्या आत खडीच्या ढिगामागं जायची. पावसात, थंडीत. मागून ट्रकचा दिवा आला की उभी राहायची. फिरती म्हंजी मला तेवढंच आठवतं. तुमी इस्लापूर म्हणलात की तुम्हाला धबधबा आठवतो."

चहा आला. मी प्यालो, जावई प्याला. तिनं कप उचलून जवळ घेतला, फुंकर मारली आणि तसाच खाली ठेवला. साय धरायला लागली.

"पी की."

"नगं. भोकर लांब हाय."

मी त्या भरल्या कपाकडं बघितलं. मग उठलो आणि परत शेडमध्ये गेलो. जावई मागून "मामा, मामा" करत आला.

गॉगलवाला फोनवर होता. मी म्हणालो, "पेटी कशी काढायची दाखव." त्यानं एका कामगाराला हाक मारली. "त्याला नगं बोलावू. तुला विचारलं, तू दाखव." तो खाली वाकला, त्याचा गॉगल डोक्यावरून निसटून फरशीवर पडला. दोन खटके होते. मग मी त्याला बाजूला केलं, खटके दाबून पेटी ओढली, हँडलला धरून शेडच्या मागच्या गटारापर्यंत चालत नेली आणि उलटी करून दाखवली. कोरडीच होती. धूळ पडली. बघायला सगळे कामगार गोळा झाले होते. बरं झालं.

"आपली घाण आपण काढायची," मी म्हणालो. "ह्यात लाज न्हाई. दुसरा माणूस शोधायचा, ती लाज. ही गाडी धुऊन दे."

"धुवायला पाणी न्हाई काका."

"मग पुसून दे."

गाडी भोकरला आली तेव्हा शेजारपाजारचे हसले. कुणाला ती शववाहिका वाटली, कुणी विचारलं निवडणुकीला उभं राहायचंय का. हसोत. यातल्या निम्म्या लोकांनी नांदेडपलीकडं पाऊल टाकलेलं नाही, आणि त्यांच्या बायकांनी तेवढंही नाही. जावयानं आरसा-घड्याळ असलं काहीतरी भेट म्हणून पाठवलं होतं, ते मी घरीच ठेवलं.

आम्ही दोघंच निघालो त्या दिवशी ऊन लई होतं; गाडी मीच चालवत होतो. गाव मागं पडलं, गिट्टीच्या खाणी मागं पडल्या. तिनं पायाशी ठेवलेली बाटली उचलली, बूच काढलं आणि माझ्याकडं न बघता प्यायला लागली. अर्धी केली. थांबली, तोंड पुसलं, पुन्हा लावली.

"हळू पी," मी म्हणालो. "पेटी लहान हाय."

"मग काढा दोनदा," ती म्हणाली.