अधिकार नाही

“रजा मंजूर नाही, तर जाणार कशी?” नवऱ्याने चौथ्यांदा विचारलं. शनिवारची सकाळ होती आणि त्याला आज वेळच वेळ होता.

“ताईचं सोमवारी ऑपरेशन आहे. तिच्याजवळ दुसरं कोण आहे?”

“आणि आईच्या गोळ्या? माझा डबा?”

आतून सासूबाई म्हणाल्या, “माझं काही नाही हो. मी काय, उपाशीसुद्धा झोपेन.”

तेवढ्यात कंपनीचा फोन वाजला. पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे ‘परवानगीवाली’ म्हणत. संगणकावर कोणी काय बघायचं, कोणी काय मंजूर करायचं, याची कुलपं गेली सोळा वर्षं तिच्या हातात होती. ‘या कामासाठी आपल्याला अधिकार नाही’ अशी लाल ओळ उमटली की भलेभले पुरुष कुळाचा उद्धार झाल्यासारखे तिला फोन करत.

आता फोनवर गोदामप्रमुख होते. “मला अधिकार नाही? मला? बावीस वर्षं झाली इथे!”

“संगणकाच्या पडद्याचा फोटो पाठवा.”

फोटो आला. त्यात गोदामप्रमुखांचा अंगठा होता, चहाचा कप होता, लाल ओळ तेवढी नव्हती. दुसरा मागवला. मग तिने लॅपटॉप उघडून त्यांच्या नावापुढची यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. नवा माणूस आला की ‘आधीच्यासारखंच द्या’ एवढीच चिठ्ठी यायची. आधीच्याला त्याच्या आधीच्यासारखं मिळालेलं असायचं. अशाने फाटकावरच्या रखवालदाराला पंपांच्या किमती बदलायचा अधिकार मिळाला होता. बिचाऱ्याला ते ठाऊक नव्हतं, म्हणून कंपनी चालू होती.

“तुम्हाला माल मागवायचाही अधिकार दिलाय आणि आलेला माल उतरवून घ्यायचाही. एकाच माणसाला दोन्ही चालत नाही. तुमचे अधिकार जास्त झालेत, म्हणून अडलंय.”

“जास्त झालेत?” पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. “मग काही हरकत नाही.”

मागवायचा अधिकार तिने काढून घेतला. माल उतरला.

लगेच साहेबांचा फोन आला. गोदामाचं काम झालं, छान झालं, सोमवारी नव्या शाखेच्या चाळीस जणांना अधिकार द्यायचे आहेत.

“सोमवारी मी रजेवर आहे, साहेब.”

“मंजूर झाली?”

“अकरा वेळा अर्ज टाकला. तो मंजुरीला जुन्या साहेबांकडे जातो. ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले.”

“मग दुरुस्त करून टाका की! तुमच्याच हातात आहे.”

“स्वतःचं स्वतःला बदलता येत नाही. नियम तुम्हीच सही करून लावलाय. दुसरं माणूस नेमा म्हणून मी तीन वर्षं लिहितेय.”

“दुसरं कशाला? तुम्ही आहात ना!” साहेब मनापासून हसले. “सोमवारी बघू आपण.”

“ऑपरेशन सोमवारी आहे.”

“तेच म्हणतोय, सोमवारी बघू.”

फोन ठेवला तेव्हा नवरा खुर्चीत मागे रेलून बसला होता. कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं.

“बघ. मी म्हणत होतो ना? साहेबच नाही म्हणतात, तिथे आपण काय करणार? ताईंना सांग, ऑपरेशन पुढच्या महिन्यात करा म्हणून.”

“पुढच्या महिन्यात माझी डोळ्यांची तपासणी आहे,” आतून आवाज आला.

तिने लॅपटॉप मिटला. सोळा वर्षं ती दुसऱ्यांची अडलेली दारं उघडत आली होती, आणि स्वतः मात्र एका निवृत्त माणसाच्या होकाराची वाट बघत बसली होती. घरात तर ती ज्यांच्या होकाराची वाट बघत होती, त्यांना निवृत्तीचं वयही नव्हतं. तिने साहेबांना दोन ओळी लिहिल्या: सोमवारपासून बारा दिवस मी नाही, कळवलं आहे. मंजूर करा, अशी विनंती त्यात कुठेच नव्हती. मग ती स्वयंपाकघराच्या दारात, दोघांनाही ऐकू जाईल अशी उभी राहिली.

“मी उद्या सकाळच्या गाडीने ताईकडे जातेय. बारा दिवसांनी येईन. गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे भरून ठेवते, ते आईंना तुम्ही द्यायचे. डबा तुमचा तुम्ही करायचा. कंपनीचा फोन घरीच राहील.”