तारेपलीकडचं गवत

एक मेंढी काटेरी तारेतून मान घालून गवत खात होती. तारेपलीकडचं रान पूर्वी आमचं ज्वारीचं शेत होतं. तिथं पुन्हा माळ फुलावा म्हणून मी ते एका संस्थेला दिलं. त्यांनी भोवती तार ओढली. काळवीट परतले. पण तेवढ्यांनी गवत संपेना, आणि पुरेसं चरलं नाही तर ते दाटून कुजतं, म्हणून संस्थेनं ट्रक भरून लांबच्या गाई आणल्या.

मेंढीमागं बिरूमामा धनगर उभे होते. ज्वारी निघाली की दरवर्षी त्यांची मेंढरं आमच्या रानात बसायची. लेंडीखत आम्हाला, चारा त्यांना.

"दादा, गवताला आता पाव्हणी जनावरं लागत्यात व्हय? आमची मेंढरं काय दगडं खात हुती?"

ते हसले. माझं डोकं फिरलं. माणूस वगळला की उरतो तो निसर्ग, हे कुठलं शहाणपण? आणि तारेला हो म्हणताना मामांना विचारावं, हे मलाही सुचलं नव्हतं!

"ए, हाक ती मेंढी!" आतून राखणदार ओरडला.

मी खालची तार दोन्ही हातांनी वर ओढली. काटे तळव्यांत रुतले. "मामा, सोडा सगळी आत!"

मामांनी मेंढीची मान हळूच बाहेर काढली.

"आन् उद्या तार कोण धरंल, दादा?"