दगडाखालचा झुबका

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला दोन पावसाळे झाले, त्या साली बानाबाई लग्न होऊन सोनाजीच्या घरी आली. घर कसलं? धनगराचं बिऱ्हाड, घोडीच्या पाठीवर! सोनाजी मेंढरं घेऊन पुढं जायचा, ही मागून यायची. वाट फुटली की तिथं दगडाखाली चंदेरी फुलांचा झुबका दाबलेला असायचा. झुबक्याचं तोंड जिकडं, तिकडं सोनाजी गेला, हे तिनं ओळखायचं.

अजिंठ्याकडच्या माळावर, निव्वळ मुरमात उगवणारं हे वीतभर झाड. फूल वाळलं तरी रूप सोडत नाही. शहरात पुष्पगुच्छात कार्नेशन घालतात ना, त्याच्याच भावकीतलं, पण गरिबाघरचं.

"नुसता दगड ठिवला तर नाय का कळणार?" नव्या नवरीनं विचारलं होतं.

"दगड काय, कुणीबी ठिवील," सोनाजी म्हणाला होता.

तोच सोनाजी एका वैशाखात, झोपेतच, न सांगता गेला. या खेपेला खूण नाही. मेंढरं विकली, लेकानं, त्रिंबकनं, तिला वाळूजला आणलं. कारखान्यांच्या वस्तीत दोन खोल्या, दारात कंपनीची बस. बाईचं एकच मागणं, "माळावरचं ते झाड आणून दे."

त्रिंबकनं सुट्टीला जाऊन मुळासकट आणलं. बानाबाईनं तेलाच्या डब्यात काळी माती भरली, वर ओंजळभर लेंडीखत घातलं. धनगराचीच लेक! लेंडीखतानं खडकालाही पालवी फुटते, यावर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा. दोन्ही वेळा पाणी. आठव्या दिवशी झाडानं मान टाकली.

"आत्याबाई, पाहुणचारानंच मारलं की हो त्याला!" सून राजाबाई हसली.

"व्हय गं. माळावर त्याला कोण जेवू घालत होतं?" बानाबाई म्हणाली. त्या दिवशी ती स्वतःही जेवली नाही. डबा तिनं मागच्या मुरमाच्या ढिगावर पालथा केला.

पावसाळा सरला. राख टाकायला गेलेली बानाबाई ढिगापाशीच थबकली. जुन्या मुळातून तीन कोंब आलेले, एकाला चंदेरी झुबका.

राजाबाई डबा घेऊन धावली. "लावायचं का परत?"

"हात नको लावू!"

बानाबाई वाकून झुबक्याचं तोंड बघू लागली. पण वारं सुटलेलं. झुबका घडीत इकडं, घडीत तिकडं. तिनं पदर सावरला आणि तिथंच मुरमात बसकण मारली.

"आत्याबाई, चहा निवतोय."

"निवू दे. वारं थांबलं की कळंल, कुठं गेलेत ते."