नियमबुवांनी दिलेलं मत

“एकदा या देशात कायमचं राहायचं कार्ड हातात आलं की नियमानं वागायचं, मग कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही,” असं ते एकदा बायकोला म्हणाले होते. तेव्हा कार्ड पोस्टानं येऊन तासही झाला नव्हता.

ते लिफ्ट दुरुस्त करत. बावीस वर्षं परक्या इमारतींच्या पोटात उतरून दोर तपासले, ब्रेक तपासले. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी मुख्य स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात टाकायची. वर साहेब घाई करून घसा कोरडा करो. ओळखीतले त्यांना नियमबुवा म्हणत. घर बदललं की दहा दिवसांच्या आत नवा पत्ता कळवायचा, कर वेळेवर भरायचा, देशाबाहेर फार दिवस राहायचं नाही. आई गेली तेव्हाही ते दिवस मोजून परत आले होते. बायको म्हणायची, यांना शिंकायलासुद्धा परवानगी लागते.

आणि अशा माणसाच्या हातून ते घडलं. मुलीसाठी पुस्तकं आणायला ते लायब्ररीत गेले होते. दाराशी टेबल मांडून बसलेल्या बाईनं मतदारयादीत नाव घातलंय का म्हणून विचारलं. त्यांनी कार्ड दाखवलं. तिनं ते धड पाहिलं नाही, चालेल म्हणाली आणि फॉर्म पुढे केला. फॉर्म समोर आला की भरायचा, एवढंच त्यांना ठाऊक. कार्डासोबतच्या पुस्तिकेतली कर्तव्यांची पानं त्यांना तोंडपाठ होती. आपल्याला काय करता येत नाही, ते पान मात्र त्यांनी उलटलंच नव्हतं. शाळेच्या समितीच्या निवडणुकीत त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून मत दिलं. आयुष्यात एकदाच.

राहणं कायमचं असलं तरी कार्ड ठरावीक वर्षांनी नवं करून घ्यावं लागे. पुढे सहा वर्षांनी नवराबायकोच्या कार्डांची मुदत संपत आली. दोघांना एकाच दिवशी मुलाखतीला बोलावलं. पत्रासोबत प्रश्नांची यादी होती. नागरिक नसताना कधी मतदान केलंत का, हा प्रश्न त्यांनी जेवता जेवता वाचला आणि हातातला घास ताटात परत ठेवला.

वकिलानं सगळं सरळ सांगितलं. खोटं बोलणं हा गुन्हा. खरं बोललं तर कार्ड जाऊ शकतं. मुलाखतीला गेलंच नाही तर कार्ड आपोआप रद्द.

बायको हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. चादरींवरचे भलभलते डाग निघतात हे ती रोज बघत होती. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. बायको म्हणाली, “अहो, नुसतं ‘नाही’ म्हणायचं. तुमचं एक मत हुडकत कोण बसलंय?”

“नोंद असते.”

“मग हुडकू दे त्यांना. आपणच आपल्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा?”

त्यावर ते स्विचच्या कुलपाचं काहीतरी सांगू लागले. हे खड्डेपुराण तिथं लावू नका, एवढंच ती म्हणाली. पण तिचा आवाज फाटला.

कार्यालयातली खोली लहान होती. खिडकी होती, पण तिला उघडायची सोय नव्हती. सर्दीनं बेजार झालेली अधिकारी बाई नाक पुसत एकेक प्रश्न विचारत होती. आधी बायकोला विचारून झालं आणि तिच्या कागदावर शिक्का बसला. मग ते. पत्ता, कर, परदेशवाऱ्या. मतदानाचा प्रश्न आला तेव्हा बायकोनं टेबलाखाली त्यांच्या बुटावर बूट दाबला. चांगला जोर लावून.

“हो,” ते म्हणाले.

बाईनं पेन खाली ठेवलं. क्षणभर ती बायकोकडे बघत राहिली आणि मग मुद्दाम सावकाश म्हणाली, प्रश्न समजला नसेल तर पुन्हा विचारते. सुटकेचं दार अजून उघडं होतं.

“आता समजलाय,” ते म्हणाले. “तेव्हा समजला नव्हता.”

बाईनं ते लिहून घेतलं. ही फाइल दुसऱ्या विभागाकडे जाईल, निकाल लागेपर्यंत देशाबाहेर जाता येणार नाही, निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, असं तिनं कागदावरून नजर न उचलता सांगितलं. जुनं कार्ड ठेवून घेतलं आणि बदल्यात एक पावती दिली.

बायकोचा पाय अजून त्यांच्या बुटावरच होता. त्यांनी तो हलकेच सोडवून घेतला, पावतीची घडी केली, खुर्ची आत सरकवली आणि बायकोकडे न बघता खोलीबाहेर चालू लागले.